श्रद्धा, धाव आणि आघातानंतरचे आयुष्य

विसाव्या शतकातील युद्धे, बंदिछावण्या आणि वांशिक कत्तली यांतून वाचलेल्या माणसांच्या इतिहासात काही धावपटूंची चरित्रे एकत्र वाचावीत अशी आहेत. देश, वंश आणि काळ यांनी ही माणसे एकमेकांपासून दूर होती. परंतु उद्ध्वस्त झालेले आयुष्य पुन्हा उभे करताना त्यांनी ज्या दोन गोष्टींचा आधार घेतला त्या समान होत्या, एक ख्रिस्ती श्रद्धा आणि दुसरी धावणे. मानसिक आघात म्हणजे केवळ दुःखद आठवण नव्हे. धोका टळून गेल्यावरही शरीर आणि मन धोका समोरच असल्यासारखे वागत राहते, झोप उडते, भयस्वप्ने पडतात, संताप अनावर होतो, अशा अवस्थेला ही संज्ञा लावतात. अमेरिकी मानसोपचारशास्त्राने ‘आघातोत्तर तणाव विकार’ या नावाने तिची अधिकृत नोंद १९८० साली केली. म्हणजे त्याआधीच्या पिढ्यांच्या यातनेला हे अधिकृत नाव मिळालेले नव्हते. या धावपटूंच्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: धावण्याने माणूस जगला, श्रद्धेने त्याच्या जगण्याला दिशा दिली, परंतु तो खऱ्या अर्थाने सावरला तो क्षमा आणि सेवा यांच्या वाटेने इतरांपर्यंत पोहोचल्यावरच.

ख्रिस्ती परंपरेत धावण्याची प्रतिमा आरंभापासूनच आहे. पहिल्या शतकात प्रेषित पौलाने ज्या करिंथ नगरीतील मंडळीला पत्रे लिहिली, त्या नगरीजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे, त्यामुळे शर्यत, संयम आणि विजयमुकुट यांचे दाखले त्याच्या वाचकांना सहज कळणारे होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ हा विचारप्रवाह उदयास आला. चार्ल्स किंग्जली आणि थॉमस ह्यूज हे लेखक त्याचे प्रमुख प्रवक्ते मानले जातात, आणि सुदृढ शरीर हे ईश्वरकार्याचे साधन आहे, मैदानावर घडलेले चारित्र्य आयुष्यभर उपयोगी पडते, अशी त्याची शिकवण होती. शाळा आणि मिशन यांच्याद्वारे हा विचार साम्राज्यभर पसरला, परंतु त्यात एक मोठी उणीव होती: तो धडधाकट आणि विजयी शरीर गृहीत धरत असे, आणि मोडलेल्या शरीराला व भेदरलेल्या मनाला देण्यासारखे त्याच्याजवळ फारसे काही नव्हते. ती उणीव पुढच्या शतकातील बंदिछावण्यांनी उघडी पाडली.

विजयी शरीराकडून खचलेल्या माणसाकडे वळलेल्या श्रद्धेचे पहिले ठळक उदाहरण एरिक लिडेल हे होय. चीनमधील तिएन्त्सिन येथे १९०२ साली स्कॉटिश मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या लिडेल यांनी रविवार हा प्रभूचा दिवस मानून १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या आयुष्याचा अधिक अर्थपूर्ण भाग मात्र १९४३ साली सुरू झाला, जेव्हा जपानी सैन्याने त्यांना शांतुंग प्रांतातील वेइशियन येथील नागरी बंदिछावणीत ठेवले. पंधराशेहून अधिक परदेशी नागरिकांच्या त्या गर्दीत आईवडिलांपासून तुटलेली शाळकरी मुलेही होती, आणि लिडेल त्यांना विज्ञान शिकवत, बायबलचे वर्ग घेत, त्यांच्यासाठी खेळ आणि शर्यती भरवत. रविवारी खेळण्यास नकार देणाऱ्या या माणसाने मुलांची भांडणे थांबावीत म्हणून छावणीत रविवारच्या सामन्यात पंचाचे कामही पत्करले, यावरून त्यांच्या श्रद्धेत नियमापेक्षा माणसाला किती मोठे स्थान होते हे दिसते. पहारेकऱ्यांसाठी, म्हणजेच शत्रूसाठी, प्रार्थना करावी अशी त्यांची मुलांना शिकवण असे. छावणी मुक्त होण्याच्या सहा महिने आधी, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतील गाठीमुळे त्यांचा मृत्यू झाला; परंतु बंदिवासातील मुलांचा भयग्रस्त दिवस खेळाने आणि प्रार्थनेने सुसह्य करण्याचा त्यांचा प्रयत्न हा या परंपरेतील निर्णायक टप्पा ठरतो.

श्रद्धा, धाव आणि आघात यांचा संबंध सर्वांत तपशिलाने उलगडतो तो लुई झाम्पेरिनी यांच्या चरित्रात. १९१७ साली इटालियन स्थलांतरितांच्या घरी जन्मलेला आणि कॅलिफोर्नियातील टॉरन्स गावात वाढलेला हा मुलगा चोऱ्यामाऱ्यांत गुंतत चालला होता. थोरला भाऊ पीट याने त्याला धावण्याकडे वळवले आणि एकोणिसाव्या वर्षी तो १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील पाच हजार मीटर शर्यतीत आठवा आला. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानावर अधिकारी होता. २७ मे १९४३ रोजी त्याचे विमान पॅसिफिक महासागरात कोसळले, अकरांपैकी तिघे वाचले, त्यांतला एक तराफ्यावरच मरण पावला, आणि उरलेले दोघे ४७ दिवस समुद्रावर वाहत राहून शेवटी जपान्यांच्या हाती सापडले. पुढे ओफुना, ओमोरी आणि नाओएत्सु या छावण्यांत त्याने जे भोगले त्यात मुत्सुहिरो वातानाबे या पहारेकऱ्याने केलेला छळ सर्वांत भीषण होता. ओफुना येथे तर उपासमारीने खंगलेल्या झाम्पेरिनीला जपानी धावपटूंबरोबर शर्यत लावण्यास भाग पाडले गेले. अशा रीतीने ज्या धावण्याने त्याला ओळख दिली होती, तेच त्याच्या मानखंडनेचे साधन बनवले गेले.

या ठिकाणी इतिहास सोप्या समजुतीला धक्का देतो. १९४५ साली घरी परतल्यावर झाम्पेरिनीने १९४८ च्या ऑलिंपिकसाठी सराव सुरू केला, परंतु छावणीत दुखावलेल्या पायाने साथ सोडली आणि तो मार्ग बंद झाला. दारूचे व्यसन वाढले. वातानाबे रोज रात्री स्वप्नात येऊ लागला, आणि स्वप्नात त्याचा गळा आवळत असताना प्रत्यक्षात आपण गरोदर पत्नीचाच गळा धरला आहे, असे एकदा जागे झाल्यावर त्याच्या ध्यानात आले. जपानला जाऊन वातानाबेला ठार मारावे ही एकच इच्छा मनात उरली होती. धावण्याची शिस्त तराफ्यावर आणि छावणीत त्याच्या कामी आली होती, परंतु सूडाने पेटलेल्या मनाला शांत करण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते.

१९४९ च्या शरद ऋतूत बिली ग्रॅहम हे तरुण धर्मोपदेशक लॉस एंजेलिस येथे मोठ्या तंबूत प्रवचने देत होते. पत्नी सिंथिया हिच्या आग्रहाखातर झाम्पेरिनी नाखुशीने तेथे गेला, आणि वाचलो तर तुझी सेवा करीन असे समुद्रावर ईश्वराला दिलेले वचन त्याला तेथे आठवले. त्या रात्रीपासून भयस्वप्ने थांबली असे त्याने आयुष्यभर सांगितले. इवँजेलिकल परंपरेत अशा एकाच क्षणी घडणाऱ्या अंतःपरिवर्तनाला मध्यवर्ती स्थान आहे, आणि पाप, पश्चात्ताप व कृपा ही त्याची परिभाषा आहे. परंतु या क्षणानंतर त्याने जे केले ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. १९५० साली त्याने टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या पहारेकऱ्यांची भेट घेतली आणि त्यांना क्षमा केली. वाट चुकलेल्या मुलांसाठी त्याने शिबिर उभारले आणि डोंगर, बर्फ व कसून श्रम यांच्या साहाय्याने त्यांना सावरण्याचा प्रयत्न केला, म्हणजे भावाने आपल्याला जे दिले होते तेच त्याने पुढच्या पिढीला दिले. जानेवारी १९९८ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास, नागानो हिवाळी ऑलिंपिकची मशाल घेऊन तो नाओएत्सु छावणीच्या परिसरातून धावला. वातानाबेने मात्र त्याला भेटण्यास नकार दिला. क्षमा करणे एकाच्या हाती असते, समेटाला दोघे लागतात, हा भेद या घटनेने स्पष्ट केला.

युद्धोत्तर अमेरिकेतून मध्य आफ्रिकेत आल्यावर हा इतिहास अधिक कठीण प्रश्न समोर ठेवतो, कारण तेथे मारणारे आणि मरणारे पुष्कळदा एकाच धर्माचे होते. बुरुंडीतील किबिंबा येथे क्वेकर, म्हणजे अहिंसेला धर्मतत्त्व मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, मिशनने स्थापलेली शाळा होती. देशाचे पहिले लोकनियुक्त, हुतू वंशाचे राष्ट्राध्यक्ष मेल्शियोर न्दादाये यांची २१ ऑक्टोबर १९९३ रोजी तुत्सी वंशीयांचे प्राबल्य असलेल्या सैन्यातील गटाने हत्या केल्यावर संतप्त हुतू जमावाने किबिंबातील तुत्सी विद्यार्थी आणि शिक्षक यांना पकडून एका इमारतीत कोंडले आणि ती पेटवून दिली. हल्लेखोरांत परके कमी आणि ओळखीचे अधिक होते. गिल्बर्ट तुहाबोनये हा शाळेचा नावाजलेला धावपटू प्रेतांखाली कित्येक तास दडून राहिला आणि नंतर भाजलेल्या अंगाने खिडकीतून बाहेर पडून अंधारात धावत सुटला, म्हणूनच वाचला. धावणे येथे रूपक नव्हते. जीव वाचवण्याचे तेच एकमेव साधन होते.

कॅथलिक संस्कारांत वाढलेला तुहाबोनये १९९६ साली प्रशिक्षणासाठी अमेरिकेत गेला, टेक्सासच्या अ‍ॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात शिकला आणि पुढे ऑस्टिन शहरात लांब पल्ल्याच्या धावपटूंचा प्रशिक्षक झाला. आनंदाने धावा, हे त्याच्या शिकवणुकीचे सूत्र आहे. मृत्यूपासून पळताना जी क्रिया अंगात भयासारखी रुतली होती, तीच क्रिया रोज सकाळी माणसांच्या सोबतीने, स्वेच्छेने आणि कृतज्ञतेने करणे, हा तिचा जणू पुनर्जन्मच होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या गॅझेल फाउंडेशनने ऑस्टिनमधील शर्यतीतून निधी उभारून हुतू, तुत्सी वा त्वा असा वांशिक भेद न करता बुरुंडीच्या खेड्यांत पिण्याचे पाणी पोहोचवण्यास सुरुवात केली. ज्यांच्या समाजातून मारेकरी आले त्यांच्याही दारी पाणी नेणे, ही क्षमेची शब्दांपलीकडची कृती होय.

किबिंबाच्या हत्याकांडाच्या सुमारास, यादवी युद्धाने ग्रासलेल्या दक्षिण सुदानमध्ये सहा वर्षांच्या लोपेझ लोमाँग याला मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू असतानाच बंडखोरांनी पळवून नेले. तीन मोठ्या मुलांच्या मदतीने तो निसटला आणि धावत केनियात पोहोचला, जेथे काकुमा निर्वासित छावणीत त्याने दहा वर्षे काढली. धावताना भूक आणि भय विसरता येई, असे त्याने नोंदवले आहे. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातील एका कुटुंबाने त्याचा सांभाळ स्वीकारला, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेचा ध्वज वाहिला आणि पुढे जन्मभूमीतील पाणी, शिक्षण व आरोग्य यांसाठी काम उभे केले.

या चरित्रांतून सर्वांना लागू पडेल असा उपचार काढणे चुकीचे ठरेल. धावण्याची संथ लय आणि श्वासाची नियमितता सदैव सावध राहिलेल्या शरीराला स्थैर्य देऊ शकते, परंतु तीच धाव दुःखाला टाळण्याची वाटही बनू शकते. आणि उपासनेची मंडळी एकाकी माणसाला आधार देते, परंतु पीडितावर घाईने क्षमेची सक्ती केल्यास तीच त्याची जखम खोल करते. झाम्पेरिनीला क्षमेपर्यंत पोहोचण्यास वर्षे लागली आणि तुहाबोनयेलाही तो मार्ग सोपा नव्हता, म्हणून त्यांची उदाहरणे दाखवून कोणत्याही पीडिताला घाई करण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. शिवाय यांपैकी कोणीही एकट्याने सावरला नाही: झाम्पेरिनीमागे भाऊ आणि पत्नी होती, तुहाबोनयेमागे सोबत धावणारी माणसे, आणि लोमाँगमागे त्याला घर देणारे कुटुंब. म्हणूनच या परंपरेचे मोल पदकांच्या किंवा धर्मांतरांच्या संख्येत नसून, भोगलेल्या यातनेचे रूपांतर सूडात होऊ न देता तिला दुसऱ्याच्या उपयोगी आणता येते, हे तिने प्रत्यक्ष जगून सिद्ध केले यात आहे. आणि आजही जी मंडळी, शाळा किंवा धावपटूंचा संघ आघाताने खचलेल्या माणसाला बोधाआधी सोबत देईल, ती या परंपरेची खरी वारसदार ठरेल.