शिवलेली होडी आणि शिवणारा हात

लाकडी होड्या बांधण्याच्या परंपरेविषयी आज बोलायचं आहे. विषय मोठा आहे, म्हणून त्यातली एकच रीत घेतो. खिळे न ठोकता, काथ्याने फळ्या शिवून होडी करायची रीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, लक्षद्वीपमध्ये आणि समुद्रापलीकडे ओमानमध्ये ही रीत फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही अशा शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. गोव्यात रापणीच्या मासेमारीसाठी अशा होड्या अगदी अलीकडेपर्यंत होत होत्या, आणि दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यांची नोंद करून ठेवली आहे.

काम कसं चालतं ते आधी बघू. फळी फळीला कडेला कड लावून बसवायची. दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर भोकं पाडायची. सांध्यावर नारळाच्या तंतूंची जाड वळी ठेवायची आणि तिच्यावरून काथ्याची दोरी आवळत न्यायची. एक माणूस होडीच्या आत, एक बाहेर. बाहेरच्याने दोरी आत सारायची, आतल्याने ओढून ताण द्यायचा आणि परत बाहेर द्यायची. दोघांचा ताण सारखा पडला नाही तर सांधा पाणी घेणार. मग भोकं बुजवायची, राळ लावायची, मासळीचं तेल चोपडायचं. होडीच्या आतल्या बरगड्या बसतात त्या नंतर. म्हणजे आधी अंगरखा शिवायचा आणि मग आत हाडं घालायची! युरोपातल्या मोठ्या जहाजांचं पुढे उलटं झालं, आधी सांगाडा आणि मग फळ्या. सांगाडा कागदावर काढता येतो. इथे मात्र होडीचा आकार फळीच्या वळणातून येतो, आणि ते वळण सुताराच्या डोळ्यात असतं.

आता एक गंमत बघा. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात जहाजांविषयी बराच मजकूर आहे. समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या बांधणीत लोखंड वापरू नये, असं तो सांगतो. का? तर समुद्रातले लोहचुंबकाचे खडक जहाजाला ओढून घेतील म्हणून. चौदाव्या शतकात इब्न बतूता या समुद्रात हिंडला. त्याने दिलेलं कारण वेगळं आहे: खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं तर फुटतं, शिवलेलं जहाज लवतं आणि वाचतं. रापणीची होडीसुद्धा रोज लाटांतून वाळूवर आदळत किनाऱ्याला लागते. तिला हे लवचीक अंगच हवं.

ग्रंथकाराला रीत ठाऊक होती, पण तिचं कारण त्याने ज्याच्या हाताला माहीत होतं त्याला विचारलेलं दिसत नाही. हा निव्वळ माझा तर्क आहे, पण आपल्याकडच्या ज्ञानव्यवहाराकडे पाहता मला तो फारसा चुकीचा वाटत नाही. लिहिणारा आणि तासणारा यांच्या वस्त्या वेगळ्या, जाती वेगळ्या. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘एखादी गोष्ट माहीत असणं’ आणि ‘एखादी गोष्ट करता येणं’ यांतला फरक मांडला, तेव्हा त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. आमच्या किनाऱ्यावर तो फरक रोज पाण्यात तरंगत होता.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात थिसियसच्या जहाजाचा प्रश्न हमखास येतो. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, फळी कुजली की नवी घातली, असं प्लुटार्क सांगतो. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का? दोन हजार वर्षं यावर वाद चालू आहे. त्या फळ्या बदलल्या कोणी, हे कोणी विचारत नाही. जतनाच्या दृष्टीने तर खरा प्रश्न तोच आहे. काथ्या कुजतो. मग होडी उसवायची, फळ्या तासून पुन्हा शिवायची. या कुजण्याला आपण दोष मानतो, पण त्यामुळेच पोराला बापाशेजारी बसून दोरी ओढायला मिळत होती. होडी टिकत नव्हती म्हणून विद्या टिकली.

उलट उदाहरण मुंबईचं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गोदीत जहाजं बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात, उत्तम डागडुजी केलेलं. जहाज तिकडे शाबूत आहे. ते बांधणाऱ्या सुतारांची परंपरा मुंबईत शोधायला गेलात तर काय सापडेल? वाडियांचं नाव राहिलं, तेही मुख्य बांधणाराचं. करवत धरणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

आता ताजं उदाहरण. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये त्याच्या बांधणीचा आरंभ झाला. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर हे त्याचे हात. जुना आराखडा कुठलाच नव्हता. नौदलाने अभ्यास केला, मद्रास आय.आय.टी.मध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. मे २०२५मध्ये कारवारला त्याचं ‘कौंडिण्य’ असं नाव ठेवून ते नौदलात घेतलं, आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६मध्ये मस्कतला पोचलं.

मला याचा आनंद झाला, हे आधी सांगतो. पण हे शक्य कशामुळे झालं? बाबू शंकरन याआधी ओमानच्या ‘ज्युएल ऑफ मस्कत’वर काम केलेले होते, जे २०१०मध्ये सिंगापूरला गेलं. त्याच्याही आधी, १९८०मध्ये, टिम सेव्हरिनने ओमानात ‘सोहार’ बांधलं, तेव्हा शिवणारे लोक लक्षद्वीपहून न्यावे लागले होते. म्हणजे दर वेळी कुठे तरी थोडे हात शिल्लक होते म्हणून जमलं. तीस वर्षांनी चौथं जहाज करायचं ठरलं तर?

कोळी बांधवांना ‘लाकडी होडीच वापरा’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. लाकूड महाग, फायबरची होडी हलकी, देखभाल कमी. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि आपल्या हळहळीवर कोणाची चूल पेटत नाही. संग्रहालयात एक होडी काचेमागे ठेवली की कर्तव्य संपलं, असंही नाही. काचेमागची होडी कुजत नाही, म्हणून तिला सुतार लागत नाही.

लागेल ते काम, आणि तेही लहान. दोन वर्षांतून एक साधी होडी शिवायला सांगा, शर्यतीसाठी, पर्यटकांना खाडीत फिरवण्यासाठी, कशासाठीही. ती नियमाने उसवून पुन्हा शिवायचा खर्चही त्याच करारात धरा. आणि मजुरी दोघांची द्या: बाहेरून दोरी सारणाऱ्या म्हाताऱ्याची, आणि आत बसून ओढणाऱ्या त्या पोराचीही.