रिकाम्या सीटचा पट्टा

द्वारकेहून नाशिकरोडकडे निघालात की गांधीनगरच्या आसपास रहदारीच्या गोंगाटावर चढणारा एक कर्कश आवाज डोक्यावरून जातो. इथले लोक मान वरही करत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. तुम्ही मात्र आज रस्त्याच्या कडेला थांबा आणि वर्षं मागे जाऊ द्या.

१९४३. तुम्ही देवळालीच्या माळावर उभे आहात. तोफखान्याची शाळा सरहद्दीकडच्या काकूलहून इथे आली, त्याला फार दिवस झालेले नाहीत. समोर तोफ धडाडते, धूळ तुमच्या दातांत कचकचते आणि गोळा टेकडीपलीकडे कुठेतरी पडतो. कुठे, ते तोफेजवळच्या कुणालाच दिसत नाही. कुणीतरी वर जाऊन पाहायला हवं आणि वरूनच सांगायला हवं, की अजून दोनशे यार्ड पुढे, थोडं डावीकडे. ब्रिटिश लष्कराने यासाठी ऑस्टर नावाचं हलकं विमान निवडलं. त्यात शस्त्र नाही, आहे तो फक्त रेडिओ. विमान हवाई दलाचं, पण चालवणारा तोफखान्याचा अधिकारी. वैमानिकाला तोफांचं गणित शिकवत बसण्यापेक्षा गणित येणाऱ्यालाच उडायला शिकवावं, असा तो सरळ विचार होता. अशा विमानांचं ६५६ स्क्वाड्रन याच वर्षी बोटीने भारतात आलं आहे. इथून ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाईल. सैनिकाने उडायला शिकायचं, ही कल्पना भारतात अशी आली.

पुढची वर्षं झरझर जाऊ द्या. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतंत्र भारताच्या वाट्याला अशी एक छोटी एअर ओपी, म्हणजे हवेतून तोफांचा मारा पाहणारी, तुकडी येते. ऑस्टर जाऊन कृषक विमानं येतात आणि पुढे हेलिकॉप्टरं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळं दल म्हणून उभं राहतं. २००३ मध्ये नाशिकरोडला ‘कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल’ सुरू होतं. लष्करात त्याला सगळे ‘कॅट्स’ म्हणतात.

आता थांबा. जानेवारी २०२२, सकाळ. निफाडकडचा गारठा इथवर पोचला आहे. गोदावरीवरचं धुकं नुकतंच विरलंय. या वेळी तुम्ही नुसते बघे नाही आहात. अंगात फ्लाइंग ओव्हरऑल आहे, मांडीला चेकलिस्ट बांधलेली आहे आणि तुम्ही चीता हेलिकॉप्टरमध्ये बसलेले आहात. शेजारी प्रशिक्षक आहेत. तुम्ही लष्करातले तरुण अधिकारी, पण इथे पुन्हा विद्यार्थी झालात. याच वर्षी २५ मे रोजी याच शाळेच्या समारंभात कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर विंग्ज लागतील आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरतील. तोवर या दलात महिला अधिकाऱ्यांकडे हवाई वाहतूक नियंत्रण आणि जमिनीवरची कामं असत. ती तारीख अजून चार महिने लांब आहे. गेले काही दिवस तुमच्यापुढे वेगळाच प्रश्न होता: हे यंत्र एका जागी थांबवता येतं का?

हेलिकॉप्टर पुढे नेणं त्या मानाने सोपं. कठीण असतो हॉवर, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर जागच्या जागी थांबणं. डाव्या हातात कलेक्टिव्ह: वर ओढलं की चढायचं, खाली केलं की उतरायचं. उजव्या हातात सायक्लिक: पुढे, मागे, बाजूला. पायांशी पेडल, नाकाची दिशा धरायला. चीताचा वरचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे ताकद वाढवली की नाक डावीकडे निघतं आणि उजवं पेडल द्यावं लागतं. पेडल दिलं की ताकदीचा हिशेब बदलतो. तो सावरायला डावा हात हलवावा, तर उजव्या हाताचं काम बिघडतं. पहिल्या दिवसांत हे सगळं म्हणजे पालथ्या परातीवर गोटी थांबवून धरण्याचा खेळ होता. सरांनी तीनही गोष्टी एकदम कधी दिल्या नाहीत. आधी फक्त पेडल तुमचं, बाकीचं त्यांच्याकडे. मग फक्त कलेक्टिव्ह. सायक्लिक सगळ्यात शेवटी. हेलिकॉप्टर झोके घ्यायला लागलं की कानात शांतपणे यायचं, “आय हॅव कंट्रोल्स,” आणि ते यंत्र एका क्षणात हवेत खिळून उभं राहायचं. त्या वेळी तुम्हाला त्यांचा रागच यायचा.

तुमची चूक होती नजरेत. तुम्ही नाकाखालच्या जमिनीकडे पाहत होता. चीताला पुढे काचेचा मोठा फुगा असतो आणि पावलांच्या मधूनही जमीन दिसते, त्यामुळे डोळे आपोआप खाली जातात. मग इंचभर सरकणंही वावभर वाटतं आणि हात गरजेपेक्षा जास्त हलतो. सर रोज तेच सांगत होते, लांब बघ. एका सकाळी तुम्ही दूर पांडवलेणीच्या डोंगरावर नजर ठेवली, हात सैल झाला आणि यंत्र थांबलं. हात हलत होता की नाही, हे तुम्हाला सांगता आलं नसतं. हात दाबाची भाषा शिकला होता.

आज दोन सर्किट, म्हणजे मैदानाभोवतीच्या फेऱ्या, त्यांच्यासोबत झाली आहेत. ते काहीच बोललेले नाहीत. तुम्ही हेलिकॉप्टर उतरवता. त्यांनी रेडिओवर टॉवरशी काहीतरी बोलून घेतलंय, तुमचं लक्ष नव्हतं. आता ते दार उघडतात. रोटर फिरतोच आहे. ते खाली उतरतात, पुन्हा आत वाकतात आणि स्वतःच्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधून, खेचून पाहतात. सुटा पट्टा कंट्रोलमध्ये अडकला तर घात होईल. दार लावताना फक्त एवढंच म्हणतात, “हलकं लागेल. घाई करू नकोस.”

मग ते तुम्हाला दिसत राहतील अशा बेताने, समोरून, वाकून चालत दूर जातात.

पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या या दिवसाबद्दल लिहिताना सगळे विद्यार्थ्याच्या धाडसाबद्दल लिहितात. मला मात्र त्या वाकून चालत जाणाऱ्या माणसाबद्दल जास्त वाटतं. चूक झालीच तर ती सावरायला त्यांचा हात आता तिथे नाही. हा विद्यार्थी आज तयार आहे, हे कोणत्याही यंत्राने मोजून दिलेलं नाही. त्यांनी ते पाहिलं, ठरवलं आणि स्वतः उतरून गेले. तुम्हाला एकटं सोडण्याची जबाबदारी त्यांच्या सहीवर आहे.

तुम्ही नेहमीच्या अंदाजाने कलेक्टिव्ह ओढता आणि हेलिकॉप्टर नेहमीच्या आधीच उठतं. एका माणसाचं वजन कमी झालंय आणि तेही एकाच बाजूचं. यंत्र तुमच्या बाजूला कलतं. उजवा हात ते सावरतो. तुम्ही सांगण्याआधीच सावरतो. थंडीतली हवा दाट असते, म्हणून रोटरला चांगला आधार मिळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवरच्या या मैदानावर मे महिन्याच्या दुपारी हेच यंत्र सुस्त वाटलं असतं.

सायक्लिक थोडं पुढे. हेलिकॉप्टर वेग घेताना थरथरतं, मग रोटरला पुढची स्वच्छ हवा मिळते आणि ते एकदम वर उचललं जातं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला शहराची दाटी, लांब अंजनेरीची रांग. डाउनविंडवर, म्हणजे मैदानाला समांतर परतीच्या टप्प्यावर, तुम्ही सवयीने तपासण्या मोठ्याने म्हणता: इंधन, तेलाचा दाब, तापमान, रोटरचा वेग. उत्तर येत नाही. तुम्ही शेजारी बघता. तिथे घट्ट बांधलेला पट्टा आहे. भीती वाटायला वेळ मिळत नाही. वळण आलेलं आहे. उतरताना जमिनीवरचा तो एक बिंदू काचेवर जिथे धरलाय तिथेच ठेवायचा, वेग कमी करत आणायचा, शेवटी ताकद वाढवायची, उजवं पेडल. स्किड टेकतात, थोडं वेडंवाकडं, पण टेकतात.

मैदानाच्या कडेला सोबती पाण्याची बादली घेऊन उभे आहेत. जानेवारीतलं नाशिकचं पाणी काय असतं, ते डोक्यावरून ओतून घेतल्यावरच कळतं. सर हात मिळवतात आणि लगेच दुसऱ्या वळणावर तुमचं नाक किती घसरलं ते सांगायला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तुमच्या शेजारी आहेत. चीताला इंजिन एकच. त्याचा आराखडा फ्रेंच लामा हेलिकॉप्टरचा, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही यंत्रं १९७० च्या दशकात बांधू लागली. सियाचिनच्या चौक्यांना रसद याच यंत्रांनी वर्षानुवर्षं पोचवली. ती म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्या जागी नवी लवकर यायला हवीत. तरुण माणसं त्यात बसतात, म्हणून हे स्पष्टच म्हटलं पाहिजे. तोवर इंजिनाशिवाय उतरता येणं ही प्रत्येकाची पहिली गरज. २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये ज्याँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं, तिथे इंजिन विझलं, आणि तेवढ्या उंचीवरून ते नुसत्या वाऱ्याने फिरणाऱ्या रोटरवर सुखरूप खाली आले. खालून येणारी हवा रोटरला फिरतं ठेवते, पण त्यासाठी कलेक्टिव्ह क्षणात खाली जायला हवं. उशीर झाला तर रोटरचा वेग जातो, आणि तो परत मिळत नाही.

मैदानावर पुरेशी उंची गाठल्यावर सर बोलायला लागतात, “आता समज, इंजिन...” तुमचा डावा हात त्यांचं वाक्य संपायच्या आत कलेक्टिव्ह खाली नेतो.