गंजिफ्यातला उलटा नियम पुरावा म्हणून कसा वाचायचा?

मेंढीकोट खेळताना होणारी भांडणं तुम्ही पाहिली असतीलच. चार जण, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू आणि मधोमध वाद. हुकूम आधीच बंद ठेवायचा, की कुणीतरी कापेल तो रंग हुकूम धरायचा? हुकूम उघडायला लावला तर तो मारायलाच हवा का? प्रत्येक घराचा नियम वेगळा असतो आणि प्रत्येक घराला आपलाच नियम मूळ वाटतो. शेवटी एखादी आजी किंवा मामा निकाल देतात आणि डाव पुढे सरकतो.

आता असा एक खेळ डोळ्यासमोर आणा, ज्याचा निकाल द्यायला ती आजी फारशी कुठे उरलेली नाही. पत्ते आहेत, त्यांवरची चित्रं आहेत, वेगवेगळ्या शतकांतल्या काही नोंदी आहेत. नियम मात्र त्या नोंदींतून वाचून, जुळवून घ्यावे लागतात. हा खेळ म्हणजे गंजिफा. माझं एमएस्सी प्राणिशास्त्रात झालं आणि पीएचडीही त्याच बाजूची आहे, त्यामुळे पत्त्यांचा इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण ‘पुरावा कशाला म्हणायचं’ हे समजावून सांगायला गंजिफ्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. पेट किंवा नेटची तयारी करता करता तुम्ही संशोधन पद्धतीचं पुस्तक घोकत असाल, तर ते अर्धा तास बाजूला ठेवा.

आधी खेळ समजून घेऊ. महाराष्ट्रात गंजिफा म्हटलं की सावंतवाडी आठवते. गोल पत्ते, लाखेची चकाकी, आणि त्यांवर दशावतार. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे दहा रंग. प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० पानं. साधारणपणे तिघं खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४०. जोडीदार नाही, ज्याचा त्याचा डाव. सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपायला आली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिरांच्या मदतीने राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. पत्ते वाचले ते त्यामुळेच. पण आज विकत घेणारे बहुतेक जण ते भेट म्हणून देतात किंवा काचेत लावतात. चित्र टिकलं आणि खेळ मागे पडला, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या खेळाचा सगळ्यात बोलका पुरावा चित्रांत नसून नियमांत आहे.

नियम वाचायला बसलात की पहिला खड्डा एका ओळखीच्या शब्दाचा. ‘हुकूम.’ आपल्या डोक्यात हुकूम म्हणजे बाकी सगळ्या रंगांना मारणारा रंग. गंजिफ्यात असा रंगच नसतो. तिथे हुकूम म्हणजे त्या-त्या रंगात अजून न पडलेल्या पानांपैकी सगळ्यात मोठं पान. रामाचा राजा पडून गेला की रामाचा प्रधान हुकूम होतो, तोही गेला की त्याखालचं पान. म्हणजे हुकूम हे पानाचं कायमचं पद नाही, ती डावातली त्या क्षणाची अवस्था आहे. म्हणूनच हा खेळ स्मरणशक्तीचा मानला जातो: १२० पैकी कोणती पानं गेली हे लक्षात नसेल, तर हातातलं साधं पान कधी हुकूम झालं हे तुम्हाला कळणारही नाही. जुनी नोंद आजच्या अर्थाने वाचली, तर एक अख्खा वेगळाच खेळ तुम्ही मनाने रचाल, आणि तो खेळता येत नाही म्हणून नोंद लिहिणाऱ्यालाच दोष द्याल. अनोळखी शब्दासाठी आपण शब्दकोश उघडतोच. ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही, आणि फसतो तिथेच.

आता तो उलटा नियम. दहापैकी पाच रंगांत राजा आणि प्रधानाखाली दश्शी मोठी, मग नव्वी, अठ्ठी असं खाली एक्क्यापर्यंत. उरलेल्या पाच रंगांत नेमकं उलट: राजा, प्रधान, मग एक्का, दुर्री, तिर्री… आणि दश्शी सगळ्यात हलकी. नवख्याला हा नुसता छळ वाटतो. नियम कुणीतरी चुकीचा लिहून ठेवलाय असंही वाटू शकतं. पण तो जुना आहे आणि पक्का आहे. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या आठ रंगांच्या गंजिफ्याचं वर्णन आहे: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, कुमाच. आपल्याकडे याच ९६ पानांच्या प्रकाराला चंगकांचनी म्हणत. तिथेही चार रंग सुलटे आणि चार उलटे.

या नियमाचा उपयोग काय? इथे विज्ञानवाल्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. उलट्या पाच रंगांतल्या पानांवर एकाच्या जागी दहा, दोनाच्या जागी नऊ, असं सगळं पुन्हा रंगवून टाका. आता सगळे रंग सुलटे झाले. खेळ बदलला का? अजिबात नाही. तेवढीच पानं, तीच उतरंड, तेच डावपेच, फक्त पानांची नावं वेगळी. गणिताच्या भाषेत दोन्ही खेळ समरूप आहेत. नाशिकमध्ये आम्ही तिघांनी मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे गोल कापून १२० पानांचा संच केला आणि काही संध्याकाळी दोन्ही तऱ्हांनी खेळून पाहिला. उलट्या तऱ्हेत सुरुवातीला चुका जास्त झाल्या, एवढाच फरक. (हा प्रयोग नव्हे बरं का. नमुना तीन माणसांचा, तिघंही मित्र. व्हायव्हात असं काही सांगू नका.)

म्हणजे नियम डावपेचाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. आणि म्हणूनच तो मौल्यवान आहे.

प्राणिशास्त्रात हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. वटवाघूळ आणि पक्षी, दोघांनाही पंख आहेत, म्हणून ते जवळचे नातेवाईक ठरत नाहीत. उडणं उपयोगाचं आहे, त्यामुळे पंख दोनदा वेगवेगळे घडू शकतात. उलट, देवमाशाच्या शरीरात आत दडलेली कमरेची छोटी हाडं चालायला कधीच उपयोगी पडत नाहीत, पण त्याचे पूर्वज चार पायांचे होते हे ती ठणकावून सांगतात. परीक्षेतली कॉपी पकडणाऱ्या सरांनाही हे माहीत असतं. दोघांची उत्तरं बरोबर आली तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी सातव्या प्रश्नात तीच विचित्र चूक केली असेल, तर मात्र उत्तरपत्रिका बाजूला निघतात.

मग हीच विचित्र खूण आणखी कुठे दिसते? युरोपात. जुन्या टॅरो खेळात, म्हणजे भविष्य सांगायच्या नव्हे तर पत्ते म्हणून खेळायच्या टॅरोत, तलवारी आणि दंड या रंगांत मोठा आकडा मोठा, तर पेले आणि नाणी या रंगांत लहान आकडा मोठा. ओंब्र या स्पॅनिश खेळातही दोन रंगांचे आकडे असेच उलटे. ऑस्ट्रियात आजही खेळल्या जाणाऱ्या टारॉकमध्ये काळ्या रंगांत दश्शी नव्वीला मारते आणि तांबड्या रंगांत एक्का दुर्रीला. व्हिएन्नातल्या माणसाने हे सावंतवाडीकडून घेतलं नाही, आणि सावंतवाडीनेही व्हिएन्नाकडून नाही. दोघांच्या मागे एखादा समान पूर्वज असावा, ही शक्यता इथे जोर धरते. मायकेल डमेट हे ऑक्सफर्डचे तर्कशास्त्रातले मोठे तत्त्वज्ञ. त्यांनी टॅरोच्या इतिहासावर १९८० मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला आणि चित्रांचे गूढ अर्थ लावत बसण्याऐवजी नियमांची तुलना केली. पत्त्यांच्या इतिहासाला शिस्त आली ती बरीचशी अशा कामामुळे.

तो पूर्वज कुठला? इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात एल. ए. मायर यांना मामलुक काळातले इजिप्तचे पत्ते सापडले आणि त्यांनी ते १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. चार रंग आणि प्रत्येकात राजा, नायब, दुय्यम नायब आणि दहा आकडे. पंधराव्या शतकातल्या इजिप्तच्या बखरीत ‘कंजिफा’ हा शब्दही येतो. आपल्याकडे १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. राजा आणि नायब, मीर आणि वजीर, राजा आणि प्रधान: दरबाराची घडण कशी चालत आली ते बघा.

याच्या विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. १८९५ मध्ये हरप्रसाद शास्त्री यांनी बंगालमधल्या विष्णुपूरच्या गोल दशावतारी पत्त्यांवर लिहिलं आणि त्या संचात बुद्धाला मिळालेल्या जागेवरून खेळ अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचा असावा असा तर्क केला. अबुल फझलही बारा रंगांचा एक जुना प्रकार सांगतो, ज्यात अश्वपती, गजपती, नरपती अशी सरळ संस्कृत नावं आहेत. मग खेळ इथलाच का म्हणू नये?

माझं मत असं की शास्त्रींच्या तर्कात पुरावा चुकीच्या थरातून उचलला आहे. चित्र बदलणं सोपं असतं. आपल्याच महाराष्ट्रात दशावतार रंगवताना नवव्या जागी अनेकदा विठ्ठल येतो, त्यावरून दशावताराची कल्पना पंढरपुरात जन्मली असं कुणी म्हणत नाही. गंजिफ्यात तर रंगांची संख्याही विषयाप्रमाणे बदलते: नवग्रहांच्या संचात नऊ रंग, १०८ पानं. पण प्रत्येक रंगात दोन दरबारी आणि दहा आकडे हा सांगाडा तसाच राहतो. कथा जुनी आहे म्हणून तिच्या चित्राने सजलेला खेळही तेवढाच जुना, हे अनुमान टिकत नाही. एवढा जुना दशावतारी खेळ कुणी खेळत असल्याची समकालीन नोंद हवी, आणि शास्त्रींच्या तर्कामागे तशी नोंद नाही. संस्कृत नावांचा मुद्दा अधिक वजनदार आहे, पण तोही फार तर एवढंच सांगतो की अकबराच्या आधीच खेळ इथल्या भाषेत रुळला होता.

‘बाहेरून आला’ म्हटलं की काही जणांना आपलं काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांत हे मी पाहिलंय. त्यांना मी सुरुवातीच्या पानाचा नियम सांगते. मोगली गंजिफ्यात डाव दिवसा सुरू झाला तर सुर्खचा, म्हणजे सोन्याच्या नाण्याच्या रंगाचा राजा ज्याच्याकडे, तो पहिला. रात्री सुरू झाला तर सफेदचा, म्हणजे चांदीच्या नाण्याचा. सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र. दशावतारी संचात नाणी नाहीतच, मग नियमाचं करायचं काय? ज्या कुणी तो इकडे आणला त्याने दिवसाची सुरुवात रामाकडे दिली आणि रात्रीची कृष्णाकडे. राम सूर्यवंशी, कृष्ण यदुकुळातला म्हणजे चंद्रवंशी, शिवाय जन्म मध्यरात्रीचा. इतका नेमका अनुवाद साहित्यातही क्वचित सापडतो. पंचवटीच्या गावात राहून मला रामाचं झुकतं माप असेल, पण हे काम करणारा माणूस खेळही पक्का जाणत होता आणि पुराणही.

यातूनच खास मेंढीकोट छापाचा एक प्रश्न उरतो, आणि आमच्या पुठ्ठ्यांच्या डावातही तो आलाच: दिवस मावळताना डाव सुरू झाला आणि मध्येच अंधार पडला तर? एकाचं म्हणणं, आता सूत्रं कृष्णाकडे. नियम नीट वाचला तर भांडणाला जागा नाही. राम किंवा कृष्ण फक्त पहिलं पान कुणी उतरायचं ते ठरवतात, नंतर जो हात जिंकेल तो पुढचं पान टाकतो. म्हणजे पहिलं पान पडतं त्या क्षणी सूर्य कुठे आहे एवढंच बघायचं. खिडकीबाहेर अजून उजेड होता, तेव्हा तो डाव रामाचाच राहिला. पुढचं वाटप होईपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागले होते, आणि कृष्णाचा राजा नेमका त्या भांडणाऱ्याच्याच हातात आला.