अपंग मुलाचें दफ्तर

'दफ्तर' या शब्दाचे मराठींत दोन अर्थ रूढ आहेत. एक दफ्तर मुलाच्या पाठीवरचें, दुसरें कचेरीच्या कपाटांतलें. जें मूल चालूं शकत नाहीं किंवा ज्याची समज वयाबरोबर वाढत नाहीं, त्याच्या वाट्यास पहिलें दफ्तर उशिरां येतें, कधीं येतही नाहीं. दुसरें मात्र त्याला लहानपणींच चिकटतें. लातूर जिल्ह्याच्या ईशान्येस, बालाघाटाच्या डोंगरपट्टींत वसलेल्या जळकोट तालुक्यांत हें दुसरें दफ्तर बहुधा प्लॅस्टिकच्या एका पिशवींत असतें, आणि तें सांभाळण्याचें काम आईचें असतें. पिशवींतील कागद साधे दिसतात. पण त्यांतल्या प्रत्येकामागें कोणती तरी राजवट किंवा कोणता तरी कायदा उभा आहे.

सरकारनें अपंगाची प्रथम दखल घेतली ती मोजण्यापुरती. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनीं झालेल्या शिरगणतींत शारीरिक व मानसिक व्यंगांसाठीं एक रकाना राखलेला असे. वेडे, मूकबधिर, आंधळे आणि महारोगी असे त्याचे चार भाग होते. निजामाच्या राज्यांतही हीच शिरगणती होई. जळकोटचा मुलूख त्या काळीं बीदर जिल्ह्यांत मोडत असल्यामुळें तेथील मुलेंही त्या आंकड्यांत गेलीं. हा रकाना भरणें गणकांना सोपें नव्हतें. घरांतली मुलगी बहिरी आहे हें दारांत उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोण सांगणार? तिचें लग्न व्हावयाचें असे. शिवाय सांगून पदरांत कांहीं पडत नसे. तेव्हां लपविणें हेंच शहाणपणाचें होतें. शिरगणतीच्या अधिकाऱ्यांनीं आपल्या अहवालांतून या आंकड्यांविषयीं स्वतःच अविश्वास व्यक्त केला आहे. १९४१ मध्यें हा रकाना गळाला तो चाळीस वर्षें परतला नाहीं. जागतिक अपंग वर्षाच्या निमित्तानें १९८१ मध्यें तो आला, १९९१ मध्यें पुन्हां गेला, आणि २००१ पासून स्थिरावला. २०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटी ६८ लक्ष व महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६३ हजार अपंग नोंदले गेले.

दरम्यान एक मोठा पालट घडला होता. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमानें बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत साह्य मिळण्याची तरतूद राज्याची जबाबदारी मानली. मात्र 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत' अशी पुस्तीही तिला जोडली. ही कुवत महाराष्ट्राला जाणवावयास तीस वर्षें लागलीं. १९८० मध्यें संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली, आणि तींत अपंगांना स्थान मिळालें. तेव्हांपासून लपविण्याचें शहाणपण निरुपयोगी ठरलें. ज्या व्यंगाची वाच्यता आजी करीत नसे, तें नातसुनेला आपल्या मुलाच्या बाबतींत शिक्क्यानिशीं सिद्ध करावें लागूं लागलें.

सिद्ध करावयाचें तें कागदानें, आणि येथें मराठवाड्याचा इतिहास आडवा येतो. योजनेची एक अट अशी कीं, अर्जदार महाराष्ट्रांत पंधरा वर्षें राहिलेला असावा. मुलाच्या बाबतींत ही सिद्धता आईबापांच्या कागदांवर जाते. आतां जळकोटच्या एखाद्या घरांतील जुने कागद पाहावे. पणजोबाच्या काळचा कागद उर्दूंत, कारण निजामाच्या कचेऱ्यांत उर्दू चाले. त्यावरचें साल फसली, म्हणजे इसवी सनाच्या सुमारें ५९० वर्षें मागें. जिल्हा बीदर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद. १९८२ मध्यें लातूर जिल्हा निराळा झाल्यानंतरच्या कागदावर लातूर. पुढें जळकोट हा तालुकाच नव्यानें झाला, तेव्हां तालुक्याचेंही नांव बदललें. गांव जागचें हललें नाहीं. शीर्षक मात्र तीन वेळां पालटलें. आणि उस्मानाबादचेंच नांव आतां धाराशिव झालें आहे! उर्दूंतून मराठींत व मराठींतून इंग्रजींत उतरतांना माणसांच्या नांवांचें जें झालें असेल, त्याची कल्पना कोणासही करतां येईल. संगणक ही वंशावळ जाणत नाहीं. जन्मदाखल्यावर एक नांव आणि आधारपत्रावर घरीं हांक मारण्याचें दुसरें, एवढ्यावर अर्ज परत येतो.

जन्मदाखला हाच मुळीं पहिला अडथळा. या भागांतील, विशेषतः तांड्यांवरील, कितीतरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामांत फडावर मूल जन्मलें, तर त्याची नोंद जन्मस्थळीं व्हावी असें १९६९ चा जन्ममृत्यु नोंदणी कायदा सांगतो, आणि त्यासाठीं मुदत एकवीस दिवसांची देतो. फड तर तोंवर पुढच्या गांवीं हललेला असतो. एक वर्ष उलटून गेल्यास पूर्वीं प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तें काम महसुली दंडाधिकाऱ्यांकडे आलें. म्हणजे हुकूम पाहिजे तो आहेच, दार तेवढें बदललें.

त्यानंतर वैद्यकीय परीक्षा. १९९५ च्या अपंग व्यक्ति कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले व निदान ४० टक्के ही रेषा आंखली. २०१६ च्या कायद्यानें प्रकार एकवीस केले. रेषा तीच राहिली. २०१८ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें मापनाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठीं असें ठरलें कीं, प्रमाणपत्र वयाच्या पांचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षीं नवें करून घ्यावें. या नियमाला शास्त्राधार नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. वाढत्या मुलाची समज खरोखरच बदलूं शकते, आणि लहानपणीं घाईनें मारलेला शिक्का जन्मभर राहूं नये हा हेतु स्तुत्यच आहे. पण जळकोटहून लातूरच्या शासकीय रुग्णालयांत सात-आठ वर्षांच्या जड मुलाला कडेवर घेऊन जाणारी बाई तो हेतु वाचीत नाहीं. तिला दिसते ती बुडालेली मजुरी आणि बसचें भाडें. आधारपत्रावरील बोटांचे व डोळ्यांचे ठसे पांचव्या व पंधराव्या वर्षीं नव्यानें द्यावयाचे असतात, तें याहून निराळें. ज्या मुलाची मूठ उघडत नाहीं, त्याच्या बाबतींत तो एक वेगळाच प्रसंग होऊन बसतो. एक जून २०२१ पासून अपंगत्वाचीं प्रमाणपत्रें केंद्राच्या संगणकीय व्यवस्थेंतूनच देण्याचें ठरलें. तेव्हां हातानें लिहिलेलीं जुनीं प्रमाणपत्रें ज्यांनीं जपून ठेविलीं होतीं, त्यांनाही नव्यानें अर्ज करावे लागले.

हा प्रश्न केवळ गरीब देशाचा, असा समज कोणी करून घेऊं नये. अमेरिकेंत १९७४ पासून गरीब घरांतील अपंग मुलांना सरकारी वेतन मिळूं लागलें. परंतु मुलाची पारख रोगांच्या ठराविक यादीवरून होई. यादींत न बसणारें मूल बाहेर पडे. १९९० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें झेब्ली खटल्यांत ही पद्धत बेकायदा ठरविली. त्या एका निकालानें लाखो मुलांचीं प्रकरणें पुन्हां उघडलीं गेलीं. १९९६ मध्यें तेथील काँग्रेसनें कायदा पुन्हां आवळला.

जळकोटच्या तहसील कचेरींत शेवटचा कागद लागतो तो उत्पन्नाचा. अपंग अर्जदाराच्या कुटुंबाचें उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आंत असावें, असा नियम झाला. हिशेब करून पाहावा: दिवसाला १३७ रुपये. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत २०२४-२५ चा दर २९७ रुपये होता. वर्षांतून १७० दिवस तें काम एकट्या माणसानें केलें, तर घर मर्यादेबाहेर जातें. मग तेथें पांच माणसें जेवत असोत कीं सात. तलाठी हें जाणतो, अर्जदारही जाणतो, आणि दाखल्यावर मर्यादेंत बसेल असा आंकडा चढतो. प्रामाणिक माणसाला खोटें लिहावयास लावणारा नियम म्हणून याची नोंद इतिहासांत व्हावयास हरकत नाहीं. इतकें झाल्यावर अनुदान मिळतें तें २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये. अपंगांसाठीं २०२५ मध्यें तें २,५०० करण्याचें ठरलें. औषधाच्या बाटल्या आणि लंगोट यांचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, ते या रकमेला क्षुल्लक म्हणणार नाहींत. प्रमाणपत्राची मुदत टळली कीं ती थांबते, आणि वर्षांतून एकदां मूल हयात असल्याचा पुरावा दिला नाहीं तरीही थांबते.

अठराव्या वर्षीं दिलेलें प्रमाणपत्र मात्र कायमचें असतें. पण त्याच वाढदिवशीं मुलगा कायद्यानें सज्ञान होतो आणि आईचें पालकत्व संपतें. ज्याला स्वतःची सही करतां येत नाहीं, त्याच्या वतीनें सही करण्याचा अधिकार तिला पुन्हां मागून घ्यावा लागतो. मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे तसा अर्ज करावयाचा असतो. त्या अर्जासोबत जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा व अपंगत्वाचें प्रमाणपत्र जोडावें लागतें.