कराची ते मुंबई : सात तासांचा हिशोब

आज आपण मुंबई आणि कराची यांच्यामधल्या अंतराचा इतिहास पाहू. हवाई अंतर म्हणाल तर साधारण ८८० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीसुद्धा याहून लांब. जेट विमानाला दीड तास पुरावा. तरीही आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही.

आता थोडं मागे जाऊ. लंडनहून निघणारं इंपीरियल एअरवेजचं टपाल १९२९ पासून कराचीला उतरू लागलं होतं. ते पुढे मुंबई आणि मद्रासला विमानाने न्यायचं काम टाटांनी अंगावर घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. विमान होतं एका इंजिनाचं, चिमुकलं पस मॉथ. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन भरलं आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोहोचले. म्हणजे थांबा धरून सव्वासात तास. तिथून नेव्हिल विन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले.

तेव्हा वाटेत सरहद्द नव्हती. सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ ला. मराठी माणसाचाही कराचीशी संबंध होता. शिक्षण खात्यातले नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तिथे आजही आहे.

फाळणीनंतर सरहद्द आली, पण विमानं लगेच कायमची थांबली नाहीत. १९६२ मध्ये जेआरडींनी त्याच मार्गावर पुन्हा उड्डाण केलं. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी वाट अडवली. १९७६ मध्ये दोन्ही देशांतली विमानसेवा पुन्हा सुरू झाली. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडी छोट्याशा लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकदा कराचीहून मुंबईला आले. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षं सेवा बंद राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.

मग आज जायचं कसं? बहुधा दुबईमार्गे. मुंबई ते दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, दुबई ते कराची सुमारे १,२००. सरळ वाटेच्या साडेतीन पट. हवेतले तास पाचएक, वर दुबईत पुढच्या विमानाची वाट पाहणं. सगळं नीट जुळलं तरी सात-आठ तास होतातच. थोडक्यात, आपण पस मॉथच्या वेळेवर परत आलो आहोत, आणि तेही व्हिसा मिळाला तर.

हा हिशोब मी मांडतो, कारण त्यात माणसं आहेत. फाळणीनंतर कराचीहून आलेली सिंधी कुटुंबं उल्हासनगरला वसली. मुंबई-गुजरातकडची कितीतरी मुसलमान घरं कराचीला गेली. बहीण इकडे, भाऊ तिकडे. लग्नाची तारीख आधी ठरते, तयारी करता येते. मर्तिकाची ठरत नाही. अशा वेळी दीड तासाची वाट मोकळी असणं आणि नसणं, यात शेवटचं तोंड पाहायला मिळणं न मिळणं असतं.

विमानांचा वेग वाढला, हे खरं. पण प्रवासाला किती वेळ लागेल, हे फक्त इंजिन ठरवत नाही. कुणाला कुठून उडू द्यायचं, हे सरकारं ठरवतात. म्हणून कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर मोजताना मी किलोमीटरसोबत वर्षही विचारतो.