खिडकी बंद, काम चालू : थळचा नियंत्रण कक्ष आणि संगणकावरील फुलीचा इतिहास

१/ थळचे नाव निघाले की इतिहासप्रेमींना समोरच्या समुद्रातील खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आठवतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारण्याचे काम हाती घेतले, इंग्रज आणि सिद्दी यांनी त्याला विरोध केला आणि जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरीवर पाय रोवले. हा इतिहास परिचित आहे. या धाग्याचा विषय मात्र त्याच किनाऱ्यावर तीनशे वर्षांनी उभा राहिलेला एक कारखाना आणि संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारी एक छोटी फुली हा आहे.

२/ प्रश्न साधा आहे. संगणकावर एखादी खिडकी बंद केली, तर तिच्यामागे चालणारा प्रोग्रॅमही थांबावा काय? की केवळ खिडकी दिसेनाशी व्हावी आणि काम चालू राहावे? गेली चाळीस वर्षे संगणक घडविणाऱ्यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली. चुकीच्या उत्तराची किंमत मात्र वापरणाऱ्याने मोजली. कोणाचे लिहिलेले पत्र गेले, कोणाचे टेलिफोनचे बिल वाढले, तर कोणाची खासगी टपाल परक्याच्या हाती पडली.

३/ मराठी माणसासाठी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याचे कारण भाषेत आहे. आपण खिडकी बंद करतो आणि पंखाही बंद करतो. दुकान रात्री बंद होते आणि गिरणी कायमची बंद पडते. मिटणे आणि थांबणे या दोन भिन्न क्रियांना आपल्याकडे ‘बंद’ हा एकच शब्द पुरतो. इंग्रजी प्रोग्रॅममध्ये ‘क्लोज’ आणि ‘क्विट’ असे दोन वेगळे शब्द असतात. मराठीत ‘बंद करा’ असे वाचणाऱ्याने काम थांबले असे समजावे, यात त्याचा काहीच दोष नाही.

४/ आता थळकडे वळू. ६ मार्च १९७८ रोजी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजेच आरसीएफ, ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील कारखान्यानंतर तिचा दुसरा मोठा कारखाना अलिबाग तालुक्यात थळ येथे उभा राहिला. मुंबई हायचा नैसर्गिक वायू उरणमार्गे येथे येतो. त्यापासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. शेतकऱ्यांच्या परिचयाचा ‘उज्ज्वला’ युरिया तो हाच. १९८० च्या दशकाच्या मध्यास येथे उत्पादन सुरू झाले.

५/ अमोनियाचा कारखाना पंख्यासारखा बटण दाबून थांबवता येत नाही. भट्ट्यांचे तापमान, नळ्यांमधील दाब, वायूचा प्रवाह हे सर्व क्रमाक्रमाने उतरवावे लागते. एकदा थांबलेला कारखाना पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू करण्यातही बराच वेळ आणि इंधन खर्ची पडते. म्हणून अशा कारखान्यात ‘पाहणे’ आणि ‘चालवणे’ यांची फारकत करणे ही चैन नव्हे, ती सुरक्षिततेची पहिली अट आहे.

६/ ही फारकत तंत्रज्ञानात उतरली ती १९७५ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील हनीवेल कंपनीने ‘टीडीसी २०००’ आणि जपानच्या योकोगावा कंपनीने ‘सेंटम’ या विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या. यंत्रांवर प्रत्यक्ष लक्ष ठेवणारे नियंत्रक वेगळ्या कपाटांत आणि कर्मचाऱ्यासमोरचा पडदा वेगळा, अशी त्यांची रचना होती. पुढे जगभरच्या रासायनिक कारखान्यांनी हीच रचना स्वीकारली. अशा नियंत्रण कक्षात एखादा पडदा काळा पडला तरी झडपा आपापले काम करीत राहतात. कारखाना थांबवण्याची आज्ञा स्वतंत्र असते आणि ती जाणूनबुजूनच द्यावी लागते.

७/ त्याच सुमारास घराघरांत आणि कार्यालयांत जाणाऱ्या संगणकांवर ‘खिडकी’ अवतरत होती. १९८१ मध्ये झेरॉक्सचा ‘स्टार’, १९८३ मध्ये ॲपलचा ‘लिसा’ आणि २४ जानेवारी १९८४ रोजी ‘मॅकिंटॉश’ आला. मॅकिंटॉशच्या खिडकीला डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. ती दाबली की खिडकी मिटे. प्रोग्रॅम मात्र चालूच राही.

८/ यामागे कारण होते. मॅकिंटॉशमध्ये मेनूची पट्टी खिडकीला चिकटलेली नसून पडद्याच्या माथ्यावर असे आणि ती संपूर्ण प्रोग्रॅमची असे. एकही खिडकी उघडी नसली तरी पट्टी दिसे, म्हणजे प्रोग्रॅम हजर आहे हे कळे. शिवाय पहिल्या मॅकिंटॉशची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती आणि प्रोग्रॅम फ्लॉपीवरून सावकाश चढवावा लागे. एक पत्र मिटवून दुसरे उघडताना प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नव्याने चढवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

९/ मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या ‘विंडोज’मध्ये प्रत्येक खिडकीची मेनूपट्टी तिच्याच अंगावर होती. साहजिकच खिडकी गेली की पट्टीही गेली आणि प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरला नाही. म्हणून मुख्य खिडकी मिटली की प्रोग्रॅमही संपावा, असा प्रघात पडला. या टप्प्यावर फुली अद्याप आलेली नव्हती. डाव्या कोपऱ्यातील चौकोनावर दोनदा टिचकी मारून खिडकी मिटवावी लागे.

१०/ आज सर्वपरिचित असलेली उजव्या कोपऱ्यातील फुली घरोघर पोहोचली ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’मुळे. याच प्रणालीत संगणक बंद करायचा तर ‘स्टार्ट’, म्हणजे ‘सुरू करा’, असे लिहिलेले बटण दाबावे लागे. थांबण्याचे आणि मिटण्याचे शब्द किती सैलपणे वापरले जात होते, याचा हा बोलका पुरावा होय.

११/ येथे एक तांत्रिक सत्य ध्यानात घेतले पाहिजे. फुली ही आज्ञा नसून विनंती आहे. फुली दाबली की विंडोज प्रोग्रॅमला केवळ एक निरोप धाडते : ‘वापरणाऱ्याला ही खिडकी मिटवायची आहे.’ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे लिनक्सने स्वीकारलेल्या ‘एक्स विंडो’ प्रणालीतही हाच शिरस्ता आहे. निरोप मिळाल्यावर मिटायचे, थांबायचे, विचारायचे की दुर्लक्ष करायचे, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. म्हणूनच ही तंत्राइतकीच सचोटीची बाब ठरते.

१२/ महाराष्ट्रात हा प्रश्न लाखोंच्या अनुभवाचा झाला तो ‘एमएस-सीआयटी’मुळे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलामुलींच्या हाती माउस दिला. एक्सेल शिकताना त्यांना उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक अशा दोन फुल्या दिसत. खालची दाबली तर एक तक्ता मिटे, वरची दाबली तर सगळे एक्सेलच संपे. चिन्ह एकच, परिणाम दोन. हा घोळ एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीत संपला.

१३/ त्याच काळात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने त्रस्त होता. वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना काम जपून ठेवणे ही रोजची काळजी होती. खिडकी मिटवताना ‘बदल जतन करायचे?’ असा प्रश्न येई आणि उत्तरांसाठी तीन बटणे असत : होय, नाही, रद्द. यातील ‘रद्द’ म्हणजे काय रद्द? खिडकी मिटवणे, की तासभर केलेले काम? संगणकाच्या मते पहिले. घाबरलेल्या नवशिक्याला मात्र दुसरेही वाटू शकत होते.

१४/ इंटरनेटने आणखी एक पेच आणला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जोडणी टेलिफोनवरून असे आणि वेळ मोजली जाई. ब्राउझरची खिडकी मिटवली म्हणजे फोन ठेवला, असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात जोडणी दुसराच प्रोग्रॅम सांभाळत असे आणि तो चालूच राही. पुढे ब्राउझर मिटवताना ‘जोडणीही तोडायची का?’ असे विचारण्याची सोय आली.

१५/ सायबर कॅफेत तर हा पेच खासगीपणाच्या मुळावर आला. टपाल वाचून खिडकी मिटवली आणि तासाचे पैसे देऊन माणूस बाहेर पडला, तरी त्याचे खाते बंद झालेलेच असे असे नाही. खात्यातून रीतसर बाहेर पडले नाही आणि ब्राउझरची दुसरी एखादी खिडकी मागे उघडी राहिली, तर त्याच खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या माणसासमोर ते टपाल खुले असू शकत होते. दार लोटले होते, कडी घातलेली नव्हती.

१६/ याच्या उलट टोकाची सवयही विंडोज ९५ पासूनच लागली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या चिन्हांसाठी जागा ठेवलेली होती. १९९६ च्या ‘आयसीक्यू’पासून २००३ च्या ‘स्काइप’पर्यंत अनेक संवादी प्रोग्रॅम खिडकी मिटली की तेथे जाऊन बसू लागले. निरोप येत राहावेत यासाठी हे सोयीचे होते. परंतु हळूहळू ज्यांना चालू राहण्याचे काहीच कारण नव्हते असे प्रोग्रॅमही त्या कोपऱ्यात दाटले आणि संगणक का मंदावला हे कोणाला कळेना.

१७/ दोन्ही बाजूंना तथ्य आहे. गाणे ऐकताना खिडकी नजरेआड करावी आणि गाणे चालू राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. फुली दाबल्यावर प्रोग्रॅमने वापरणाऱ्यास अंधारात ठेवून चालू राहू नये, हीदेखील तितकीच रास्त आहे. जुन्या गडांवर सूर्यास्तानंतर दरवाजे बंद होत, पण पहारा चालूच असे. फरक इतकाच की पहारा चालू आहे हे गडावरच्या प्रत्येकाला ठाऊक असे.

१८/ उत्तराच्या दिशेने काही पावले पडली आहेत. २०११ च्या मॅक प्रणालीत दस्तऐवज आपोआप जतन होऊ लागले. एकही खिडकी नसलेला, वापरात नसलेला प्रोग्रॅम प्रणालीला स्वतःहून थांबवता येऊ लागला आणि तो पुन्हा उघडल्यावर काम होते तेथून पुढे सुरू होऊ लागले. काम सुरक्षित असेल तर ‘मिटले की थांबले’ हा प्रश्नच बोथट होतो, हे त्यामागचे सूत्र.

१९/ लिनक्सवरील ‘गनोम’ने २०१७ मध्ये चिन्हांचा जुना कोपरा काढून टाकला. त्यावर नाराजी व्यक्त झाली, कारण चालू असलेले प्रोग्रॅम त्यामुळे दिसेनासे झाले. मार्च २०२३ च्या ‘गनोम ४४’ने खिडकी नसताना चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक नावापुढे ते थांबवण्याचे बटण दिले.

२०/ कारखान्याच्या नियंत्रण कक्षाने १९७५ पासून पाळलेला नियम घरच्या संगणकापर्यंत पोहोचायला अशी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. तो नियम तीन कलमांत सांगता येतो. पडदा मिटल्याने केलेले काम नष्ट होता कामा नये. मागे काही चालू राहणार असेल, तर ते चालू आहे हे दिसले पाहिजे. आणि ते थांबवण्याचा मार्ग वेगळा, स्पष्ट आणि हाताशी असला पाहिजे.

२१/ मराठीत प्रोग्रॅम आणणाऱ्यांना चौथे कलमही लागू होते. ‘बंद करा’ हा शब्द दोन्हीकडे वापरला, की वरची तिन्ही कलमे पाळूनही वाचणारा फसतो. ‘खिडकी मिटवा’ आणि ‘काम थांबवा’ असे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत. बटणावर ते लिहायचे तेवढे राहिले आहे.