प्लॉट घेण्याआधी पुराचं विचारा

मुलांच्या शिक्षणासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी धुळ्यात, चाळीसगावात घर घ्यायचं म्हणतात. भाव विचारतो, रस्ता बघतो. पुराचं पाणी कुठवर येतं, हे मात्र विचारायचं राहतं.

धुळ्याचं बघा. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज यांनी तिथे सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली, बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावलं. शहर वाढलं. पण १८७२ च्या पांझरेच्या पुरात घरांचं मोठं नुकसान झालं.

चाळीसगावाला रेल्वेनं वाढवलं. १९०० साली धुळ्याचा फाटा सुरू झाला, गाव जंक्शन झालं. वस्ती पसरली, तितूर आणि डोंगरी नद्या तिथेच राहिल्या. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगराकडे धो धो पाऊस झाला आणि दोन्ही नद्या घरांत, दुकानांत शिरल्या.

म्हणून आम्ही गटात सांगतो: इसार देण्याआधी त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं? प्लॉट एनए आहे का, पूररेषेत येतो का, हे तपासून बघा. उताऱ्यावर आपलंही नाव लावा. पूर एका रात्रीत ओसरतो, कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षं चालतात.